आधी कोरी करून घ्यायची

सोमवार, ता. ४

पोचलो एकदाचा. बस वाटेत बंद पडली, मी उतरून धक्का मारला, तर ड्रायव्हरने खूश होऊन मला आपल्या शेजारच्या सीटवर बसवलं. तिथून रस्ता काय दिसतो म्हणून सांगू. पण ते जाऊ दे.

मुद्दा असा की मला नोकरी लागली आणि नोकरीबरोबर खोलीही लागली. खाली दुकान, दुकानावर माझी खोली, माझ्या खोलीवर मालकांचं बिऱ्हाड. खिडकी रस्त्याकडे उघडते आणि पंखा फिरतो. आजवर मी जिथे जिथे राहिलो तिथे खिडकी होती तर पंखा नव्हता, आणि पंखा होता तिथे छप्पर नव्हतं म्हटलं तरी चालेल.

दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही हे आल्या आल्याच सांगून टाकलं, मागाहून बोंब नको. मालक हसले. त्यांचा एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर असतो, आणि दोन्ही घालून तिसरा शोधत असतात. म्हणाले, शिकलेला माणूस नकोच होता, त्याचं शिकलेलं आधी पुसत बसावं लागतं. मला हे बोलणं फार आवडलं. पहिल्यांदाच माझ्या अडाणीपणाचं कोणीतरी कौतुक केलं.

मालकीणबाईंनी माझ्या हातातली पिशवी घेतली. आजवर माझी पिशवी घ्यायला फक्त एक चोर पुढे आला होता. म्हणाल्या, काकू म्हण. मग मालक आपोआप काका झाले. चहा दिला, बिनसाखरेचा. मला चहा म्हणजे पाक लागतो. पण पहिल्या दिवशी कुठे तोंड उघडा.

ही जागा ताईने शोधून दिली. आईबाप गेल्यावर तिनेच मला वाढवलं आणि मी तिच्या कष्टांचं सोनं केलं म्हणजे काय, तर फिरत्या पाळण्याची तिकिटं फाडली, ट्रकवर क्लीनर झालो, लाँड्रीत गठ्ठे बांधले आणि प्रत्येक ठिकाणाहून एक दिवस न सांगता निघालो. पायाला भिंगरी लागलीय म्हणून ती मला भिंगरीच म्हणते. निघताना तिने पत्त्याची चिठ्ठी दिली, आणि मग माझ्या पिशवीची दोरी बांधत बसली. बांधली, सोडली, परत बांधली. वर बघेना. मी म्हटलं, अगं पिशवी आहे, म्हैस नाही. तेव्हा कुठे हसली. ही वहीही तिनेच दिली. म्हणाली, एका जागी बसणं तुझ्याच्याने होत नाही, निदान एका वहीत तरी बस.

बसलो बघ ताई.

मंगळवार, ता. ५

काम झकास आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कॉम्प्युटरच्या पोटात एक डबी असते, साबणाच्या वडीएवढी. तिला हार्ड डिस्क म्हणतात. माणसाचं सगळं तिच्यात असतं, फोटो, कागदपत्रं, न पाठवलेली पत्रं. आणि त्यातच असते ऑपरेटिंग सिस्टीम. काकांनी ती अशी समजावली, की यंत्र सकाळी उठतं तेव्हा मी कोण, माझं काय कुठे ठेवलंय, हे ज्याला ठाऊक असतं ते म्हणजे ती. डिस्क म्हातारी झाली की खरखरायला लागते. मग ती मरायच्या आत नवी आणायची आणि जुनीतलं सगळं जसंच्या तसं नवीत उतरवायचं, सिस्टीमसकट. गिऱ्हाईक घरी जाऊन बटण दाबतं, तर तेच चित्र, तीच अक्षरं. डबी बदलल्याचं त्याला जाणवतसुद्धा नाही.

काकांचे नियम कडक आहेत. दोन्ही डिस्क दिसायला जुळ्या बहिणी, म्हणून पांढरी चिकटपट्टी लावून एकीवर ‘जुनी’ आणि एकीवर ‘नवी’ लिहायचं, मगच केबलला हात लावायचा. उलटसुलट झालं तर कोरं पान भरलेल्या पानावर उतरतं आणि बसा मग कपाळ बडवत. दुसरं म्हणजे, नवी डिस्क कोरी दिसली तरी कोरी धरायची नाही. आधी पुसून घ्यायची. आणि तिसरं, काम चालू असताना बाक हलवायचा नाही, आणि आभाळ कोसळलं तरी अर्ध्यात केबल काढायची नाही. अर्ध्यात काढलेली डिस्क ना जुनी राहत, ना नवी होत. दिवा लागतो, आत काहीतरी फिरतं, पण विचाराल त्याला उत्तर नाही.

असल्या अर्धवट डिस्कांचं एक खोकं कोपऱ्यात आहे. मी विचारलं, फेकून का देत नाही. काका म्हणाले, आपल्या हातून झालेलं असतं रे.

शुक्रवार, ता. ८

शेजारी एक शिंपीण बसते. तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, मागच्यापेक्षा तू बरा दिसतोस, कुंडीतल्या रोपासारखं पाणी घालायला नको. काकूंनी माझ्यासाठी तिच्याकडून सदरा शिवून घेतला. माझं माप न घेताच. बाह्या लांब झाल्यात, खांद्यात घट्ट होतो. शिंपीण म्हणते, होशील त्याच्याएवढा. कोणाएवढा ते सांगितलं नाही, लगेच मशीन चालू केलं.

बहुतेक काकूंच्या मुलाएवढा. तो माझ्या डोक्यावरच्या खोलीत झोपलेला असतो, बरेच दिवस आजारी आहे. वर जायचं नाही, त्याला कसला आवाज सहन होत नाही, असं काकांनी बजावलंय. दुकानात आधी तोच काम करायचा. त्याचा पेचकस अजून त्याच्या खिळ्याला टांगलेला आहे, त्याला कोणी हात लावत नाही.

समोर विजेच्या खांबाखाली बाक आहे, तिथे एक माझ्याच वयाचा माणूस दिवसभर बसून असतो. कपडे स्वच्छ, दाढी केलेली, पण शून्यात बघतो आणि हसतो. मी त्याला हसऱ्या म्हणतो. आज सहज नाव विचारलं, तर त्याने माझ्याकडे इतक्या आशेने पाहिलं की जणू मीच त्याला त्याचं नाव सांगणार होतो. काकू त्याला रोज स्वतः डबा नेऊन देतात. केवढं मोठं मन बाईचं.

सोमवार, ता. ११

इथे दुपारी जेवणानंतर दुकान बंद आणि मी आडवा, हा नियम. नोकरीत झोपायचा नियम म्हणजे माझ्यासाठीच कोणीतरी बसून काढलेला वाटतो.

काकू उशाशी बसतात, कपाळावर हात ठेवतात आणि म्हणतात, सांग काहीतरी तुझं. आणि मला तर काय, सांगायला लावलं की चावी दिलेलं खेळणं. आज ट्रकवरच्या लंगड्या कुत्र्याचं सांगितलं. तीन पायांचा, घाट आला की माझ्या मांडीत तोंड खुपसून बसायचा, आणि एका पेट्रोल पंपावर उतरला तो परत आलाच नाही. मी त्या पंपावर पुढे दोन फेऱ्यांत उतरून शिट्ट्या मारल्या होत्या. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. काकूंनी मधेच एकदाही तोडलं नाही. ताई ऐकते, पण ऐकताना भांडी घासते.

मी बोलत असताना वरून छतातून पुटपुट ऐकू येते. काकूंचा मुलगा बोलत असतो, काका त्याच्याजवळ बसलेले असतात. तोही काहीतरी सांगत असतो. आम्ही दोघे एकदमच थांबतो आणि मग मला अशी झोप लागते की बस.

गुरुवार, ता. १४

आज पहिली डिस्क एकट्याने उतरवली. एका फोटोग्राफरची होती, तो बिचारा सारखा घाम पुसत होता. माझा हात जराही चुकला नाही. कुठला स्क्रू कुठे लागतो ते बोटांना आधीच ठाऊक होतं. एक म्हातारे मास्तर येतात, ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, अगदी मुलाचाच हात आहे. काकूंनी डोळ्याला पदर लावला. मीही जरा फुगलो. चांगलं म्हणायची सवय नाही ना मला, पचायला जड जातं.

काकांनी आज एक गोष्ट सांगितली. प्रत्येक डिस्कमध्ये एक छोटासा लपलेला कप्पा असतो. नुसतं बघितलं तर दिसत नाही, पण तिला जागं करणारं जे काही असतं ते त्यात असतं. बाकी सगळं पुसलं आणि तो राहिला, तर कधी ना कधी जुनंच उठून बसतं. म्हणून पुसताना तो कप्पा शोधून काढायचा. आणि शेवटी परीक्षा घ्यायची, तिला तिच्या जुन्या पद्धतीनेच हाक मारायची. काहीच उठलं नाही, तर कोरी झाली.

मी म्हटलं, काका, हे तर भूत उतरवल्यासारखं झालं. काका हसले नाहीत.

दुपारी काकूंना मी तापात होतो तेव्हाचं सांगितलं. ताईने मला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, तिची चप्पल चिखलात रुतून राहिली, ती तशीच अनवाणी चालत राहिली.

रविवार, ता. १७

शिंपिणीच्या फोनवरून ताईशी बोललो. (माझा फोन ट्रकच्या दिवसांत विकून खाल्ला.) मी अजून इथेच आहे यावर तिचा विश्वास बसेना. मग एकदम रडायला लागली. म्हणाली, असाच राहा रे.

चौकातल्या टपरीवर खुशीत गोड चहा घेतला. पहिला घोट तोंडात धरवेना, थुंकला. गंमतच.

आज दुपारी काकूंनी विचारलं, लहानपणी तू कशाने उठायचास. मी तोंड उघडलं आणि मिटलं. लहानपणी ताई खिडकीखाली यायची आणि दोन दगड एकमेकांवर वाजवायची, आमचा ठरलेला इशारा. तो ऐकला की मी गाढ झोपेतून उठून खिडकीतून उडी मारायचो, आणि शेजारच्या बागेतली पडलेली फळं सगळ्यांच्या आधी आमची. किती वेळा वाजवायची आणि कसं, ते इथेही लिहीत नाही. ते फक्त ताईचं आणि माझं आहे. त्यातला एक दगड अजून माझ्या खिशात असतो. काकूंना म्हटलं, आपोआप जाग यायची.

त्यांनी कपाळावरचा हात काढून घेतला.

बुधवार, ता. २०

गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ही वही पहिल्यापासून वाचत बसलो. अकरा तारखेच्या पानावर लंगडा कुत्रा आहे. मी कुत्र्याचं काय लिहिलंय कळेना. अक्षर माझंच. पण मला कुठलाही कुत्रा आठवत नाही. मी थापा मारतो हे खरं, पण स्वतःच्या वहीत स्वतःलाच थाप मारण्याइतका मी काही हुशार नाही.

मग तापाचं वाचलं. ताईची चप्पल, चिखल. डोळे मिटून पाहिलं. काहीच नाही. नुसतं पांढरं.

काकूंना जे जे सांगितलं, ते ते गेलंय.

शुक्रवार, ता. २२

वेडेपणा आहे. थकवा असेल. असं म्हणून आज दुपारी बोलायचं नाही ठरवलं. काकूंचा हात कपाळावर आला आणि मी बोललो. काय बोललो ते माहीत नाही. म्हणजे तेही गेलं.

त्याच्या जागी दुसरं येतंय. मीटरच्या मागे जादा किल्ली आहे हे मला ठाऊक होतं, कोणी न सांगता. होतीही. वरच्या जिन्याची तिसरी पायरी करकरते, डाव्या बाजूने चढावं लागतं. मी त्या जिन्यावर कधी पाय ठेवलेला नाही.

खिळ्याचा पेचकस काढून काम केलं. काकांनी फक्त चष्मा पुसला. नाकावरचाही आणि कपाळावरचाही.

सोमवार, ता. २५

पेचकस हातातून निसटून खाटेखाली गेला. काढायला वाकलो. खाटेच्या लाकडाला आतल्या बाजूने पांढरी चिकटपट्टी लावलेली आहे. काकांचं अक्षर.

नवी.

मंगळवार, ता. २६

सकाळी काका मास्तरांच्या घरी दुरुस्तीला गेले, काकू डबा घेऊन हसऱ्याकडे. मी वर गेलो. डाव्या बाजूने.

खाट माझ्या खाटेच्या बरोबर वर. लाकडावर पट्टी, ‘जुनी’. त्याच्या अंगावर माझ्यासारखाच सदरा, त्याला बाह्या बरोबर बसतात. हाडं राहिलीत. त्याने डोळे उघडले आणि मला ओळखलं. मीही त्याला ओळखलं. आरशात बघावं तसं नाही, त्याहून वाईट. तो काय बोलणार हे मला त्याच्या आधी माहीत होतं.

तो म्हणाला, “मी नको म्हणत होतो त्यांना. पण मरायचं नव्हतं रे मलाही.”

मी हसऱ्याबद्दल विचारलं. तो अर्ध्यात उठून पळाला होता, म्हणाला. म्हणून तू पळू नकोस.

खाली आलो तर काकू दुकानातल्या शेगडीपाशी. चहा तयार. प्यायलो. बिनसाखरेचा. चांगला लागला.

लगेच शिंपिणीकडे जाऊन ताईला फोन केला. सगळं सांगितलं, कुत्रा, ताप, पट्टी, वरचा. ती वेडा म्हणेल वाटलं होतं. म्हणाली नाही. मग म्हणाली, रविवारी येते. खिडकीखाली दगड वाजवीन, तू तसाच निघून ये. मग हळूच विचारलं, दगडांचं त्यांना सांगितलं नाहीस ना. नाही म्हटलं, तेवढंच ठेवलंय. ती म्हणाली, कसं वाजवायचं आठवतंय ना रे तुला, म्हणून बघ बरं. मी हसलो. म्हटलं, ते विसरलो तर मी मीच नाही. आणि म्हणून दाखवलं.

शिंपीण मशीन थांबवून माझ्याकडे बघत होती. मी फोन ठेवल्यावर तिने काय केलं, तर माझ्या बाहीचा दोरा तोडला दातांनी आणि म्हणाली, बस की रे जरा. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, सुई टोचली.

ताई आहे. ताई येणार. रविवारपर्यंत धरून बसायचं.

गुरुवार, ता. २८

धीर निघेना. आज निघालो. अर्ध्यात काढलेली डिस्क, माहीत आहे. तरी निघालो. हसऱ्यासारखा बाकावर बसेन, पण हसेन तरी माझं मी.

चौकात आलो. स्टँड कुठल्या हाताला — बस धक्का मारून आणली होती मी, असं वहीत आहे — पण रस्ता —

पाय वळले. घरी आलो. घरी असं लिहिलंय मी. खोडत नाही, राहू दे, दिसू दे.

हसऱ्याने बाकावरून हात केला. सरकून जागा दिली मला.

दुपारी झोपलो. काय सांगितलं —

दगड आहे. खिशात आहे. ताई आहे.

शुक्रवार, ता. २९

काकू आल्या. उशाशी बसल्या. पदराखालून दोन दगड काढले. नदीतले, गुळगुळीत.

वाजवले. एकदा. थांबून, दोनदा.

मी ताडकन उठून बसलो, खिडकीकडे — पाय उडी मारायच्या बेतात —

काकू रडल्या. आनंदाने. सापडलं, सापडलं म्हणाल्या, वरच्या मजल्याकडे बघून.

वहीत नाही ते. एकदा थांबून दोनदा हे कुठेच लिहिलं नव्हतं मी. कोणाला सांगितलं नव्हतं. फक्त —

काकूंनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. “ताईला बोल लावू नकोस. रडत सांगितलं तिने. म्हणाली, एवढंच राहिलंय, तेवढं घ्या, पण पोर एका जागी राहू दे.”

शनिवार, ता. ३०

पिशवीची दोरी. बांधली, सोडली, परत बांधली. वर बघत नव्हती. तेव्हाच —

पत्ता तिने दिला. मला वाटलं नोकरी शोधली.

पाठीवर घेऊन गेली होती ना गं? चिखलातून? इथे लिहिलंय. मला आठवत नाही, मी वाचतो नुसतं, दुसऱ्या कोणाचं वाचावं तसं, आणि रडू येतं. एवढं करून — कशाला वाचवलंस —

भिंगरी नको होती तर तसं सांगायचं. मी गेलो असतो. जाण्यात तर माझा हात कोणी धरला नसता.

फोन केला. तिने उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, किती वर्षं मी दार उघडं ठेवून झोपायचं रे. म्हणाली, हाक मारली की घरातून ओ देणारा भाऊ हवाय मला. मी म्हटलं, तो मी नसेन ताई. ती म्हणाली —

काय म्हणाली ते लिहिता येत नाही. गेलं की मीच लिहीत नाही, कळत नाही.

शिंपिणीलाही माहीत होतं. सगळ्यांना. मास्तरांनासुद्धा. फक्त नव्या डिस्कला कोणी विचारत नाही.

वरची पुटपुट आज एकदम हळू. थांबली की —

उद्या येणार ती. कशाला येणार आता? न्यायला? अजून वाटतंय मला, न्यायला. मूर्ख आहे मी. वाजले की ओ द्यायचीच नाही — नाही, द्यायची. ओरडून द्यायची. तिला ऐकू जाऊ दे की मी आहे अजून — एकदा, थांबून — एकदा थांबून दोनदा एकदा थांबून दोनदा एकदा थांबून

रविवार, ता. ३१

सकाळी वरची खोली धुऊन काढली. बाबांनी आणि मी खाट खाली आणली. पट्टी सोलून टाकली, डिंक राहिला होता तो ओल्या फडक्याने पुसला. आईने डोळे पुसले, मग चहा केला.

ही वही खालच्या खोलीतल्या खाटेखाली होती. अक्षर भारी गचाळ. दुकानात मागे एक मुलगा कामाला होता त्याची असेल.

मघाशी खाली काहीतरी वाजलं. दगडावर दगड. परत वाजलं. बाबा कामाचं सोडून माझ्याकडे बघत होते. आईसुद्धा. मी म्हटलं, काय झालं? कोणी पोरं खेळत असतील. बाबांनी कपाळावरचा चष्मा काढून ठेवला आणि मान डोलावली.

खिडकीतून पाहिलं तर एक बाई. वर बघत होती. म्हणाली, भिंगरी. मी म्हटलं, कोण हवंय आपल्याला? दुकान आज बंद असतं. ती बघतच राहिली. मग मोठा श्वास सोडला, पाठीवरचं ओझं उतरवावं तसा, आणि आईला म्हणाली की किती शांत झालाय. आईने तिला वर बोलावलं, तर नको म्हणाली, येत जाईन अधूनमधून. दगड तिने उंबऱ्यावर ठेवले आणि गेली. जाताना वळून बघत होती.

उंबऱ्यात कोणाच्या पायात यायला नकोत म्हणून मी ते उचलून आणले. गुळगुळीत आहेत. टेबलावर ठेवायचे तर हातातून सुटेनात. बोटं आपली आपणच — एकदा. थांबून —